त्रेचाळीस वेळा न मेलेला होर्स्ट

न्यू होल्बर्गमध्ये कुणी "व्हर्लिन टेश खोटं बोलतो" असं म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला आधी खुर्चीवर बसवलं असतं, पाणी पाजलं असतं आणि मग त्याच्या बायकोला फोन केला असता. छत्तीस वर्षं व्हर्लिन आमच्या परगण्याचा वजनमापं निरीक्षक होता. पेट्रोलपंप, चीजच्या कारखान्यांतले काटे, लाकडाच्या वखारीतल्या पट्ट्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. माप बरोबर निघालं की हिरवी पट्टी, चुकलं की लाल. ईस्टरच्या आदल्या दिवशी, गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर गेलेली असताना, त्याने सख्ख्या मेव्हण्याच्या खाटिकखान्यातल्या काट्याला लाल पट्टी बांधली. काटा अर्धा औंस जास्त दाखवत होता. मेव्हणा पुढे सहा वर्षं त्याच्याशी बोलला नाही. व्हर्लिनच्या ते कधी लक्षात आलं याबद्दल गावात दोन मतं आहेत, कारण मेव्हणा आधीही फारसा बोलत नसे.

अशा माणसाने दर शनिवारी दुपारी, स्वतःच्या तळघरात, एकतीस वर्षं खोटं बोलावं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तळघरात खेळ चाले. पत्ते नव्हेत. या खेळात पट नसतो की सोंगट्या नसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात, त्याचं नाव, हत्यार, अंगातला दम असं सगळं एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवतात, आणि घाव लागला की हुकला असा प्रश्न आला की फासा टाकतात. फासा वीस बाजूंचा. राक्षसाच्या वतीने सूत्रधार टाकतो, तोही पुठ्ठ्याच्या आडोशामागे, म्हणजे गोष्टीतली पुढची गुपितं कुणाला दिसू नयेत. आकडा मोठा तर घाव मोठा, आणि वीस आला की बहुधा राम म्हणायचा. दम संपला की माणूस मेला. पहिल्याच वर्षी व्हर्लिनने एक नियम टाइप करून भिंतीवर लावला होता: "मेला तो मेला." खाली सही आणि तारीख.

सुरुवातीला सात जण होते. कुणी मिनेसोटाला गेलं, कुणी देवाघरी, एक जण गोल्फकडे. शेवटी दोन उरले. एक लॉइड डायक्स्ट्रा, लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. याला आकडा वाचायला दिला की तो भजनाचा क्रमांक पुकारावा तसा वाचतो, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीला ऐकू जाईल असा. लॉइडची नऊ माणसं त्या तळघरात मेली. फडताळावर त्याने नऊ रंगवलेले खडे मांडून ठेवलेत, प्रत्येकावर नाव. लॉइड दर वेळी दोन मिनिटं डोळे मिटायचा आणि नवा कागद मागायचा.

दुसरी आर्डिस कुबियाक.

आर्डिसने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. रेल्वेचा रूळ आला की ती बस थांबवायची, दार उघडायची, पोरांना गप्प करायची आणि कान देऊन ऐकायची. त्या रुळावरची शेवटची गाडी कधीच बंद झाली होती, रुळांत झाडं उगवली होती, एका वर्षी तर कुणीतरी मधोमध भोपळे लावले होते. तरी आर्डिस थांबायची. तिच्या बसमध्ये एका पोराला कधी खरचटलं नाही. आणि हीच बाई शनिवारी तळघरात आली की खड्डा दिसला की उडी मारायची.

म्हणजे ती नव्हे, होर्स्ट. पहिल्या दिवशी व्हर्लिनने विचारलं, "तुझ्या माणसाचं नाव काय?" तेव्हा टेबलावर मोहरीच्या चटणीची बरणी होती आणि बरणीवर मिश्यावाल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं, खाली नाव होर्स्ट. तसा हा होर्स्ट. बुटका, दाढीवाला, कुऱ्हाड हातात, डोक्यात काही नाही. अंधाऱ्या विहिरीत पहिला होर्स्ट. कुलूपबंद दारावर डोकं आपटणार होर्स्ट. झोपलेल्या अजगराच्या शेपटीवर पाय देऊन "हा कुणाचा दोर?" असं विचारणार होर्स्ट. एकतीस वर्षांत त्याच्या कागदावरचा दमाचा आकडा इतक्या वेळा खोडला गेला की तिथे भोक पडलं. आर्डिसने भोकामागून चिकटपट्टी लावली आणि चिकटपट्टीवर लिहायला लागली.

"देव तारी त्याला कोण मारी," लॉइड आपल्या खड्याला रंग देता देता म्हणायचा.

"देवबिव काही नाही," आर्डिस म्हणायची. "नशीब आहे माझं. एवढं एकच ठिकाण आहे, तिथे आहे."

हे मात्र खरं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये मांसाची सोडत असते. चिठ्ठ्या घ्यायच्या, चाक फिरतं, आकडा लागला की डुकराच्या चॉप्सचं पुडकं नाहीतर सॉसेजची माळ घेऊन घरी जायचं. आर्डिस दर शुक्रवारी चिठ्ठ्या घेते. एकतीस वर्षांत तिला एक सॉसेज लागलेलं नाही. लॉइडला दर पंधरा दिवसांनी काहीतरी लागतं. त्याने त्यासाठी दुसरा फ्रीजर घेतला. आणि ते चाक फिरवायला गावाने एकमताने नेमलेला माणूस म्हणजे व्हर्लिन टेश. दुसरा कोण असणार?

तेव्हा तो दर शुक्रवारी चाक फिरवायचा आणि तिच्या चिठ्ठ्यांच्या शेजारच्या आकड्यावर ते थांबताना बघायचा. एकदा, होर्स्ट जन्माला येऊन दोनच शनिवार झाले असतील, चाक तिच्या आकड्यावरून एका खिळ्याने पुढे सरकलं. आर्डिस म्हणाली, "असू दे, तसंही मला चॉप्स चाववत नाहीत." दुसऱ्या दिवशी दुपारी तळघरात एक मोठा कोळी होर्स्टच्या मानेवर उतरला. व्हर्लिनने आडोशामागे निळा फासा टाकला. वीस. त्याने वर बघितलं. आर्डिस दोन्ही हातांनी कागद धरून बसली होती, बर्फावर बस घसरताना स्टिअरिंग धरावं तशी.

"सात," व्हर्लिन म्हणाला. "हुकला."

"हाः!" आर्डिस ओरडली, आणि होर्स्टने कोळ्याचे दोन तुकडे केले.

त्या दिवशी व्हर्लिन वर गेला, सरकारी काळी वही काढली आणि तीन रकाने आखले. तारीख. आलेला आकडा. सांगितलेला आकडा. त्याच्या धंद्यात असं मानतात की चूक नोंदलेली असेल तर माप कधीतरी दुरुस्त करता येतं. वीस, सात. पुढच्या एकतीस वर्षांत अशा त्रेचाळीस नोंदी झाल्या. लॉइडच्या नावे एकही नाही.

मार्लिसला, त्याच्या बायकोला, वही माहीत होती. ती खेळत नसे. तळघरातल्या सोफ्यावर विणकाम घेऊन बसायची आणि ताज्या चीजचे, दाताखाली कुईकुई करणारे तुकडे सगळ्यांपुढे फिरवायची. ती एवढंच म्हणाली होती, "काही नवरे पितात."

तर या वर्षी मार्चमध्ये व्हर्लिनच्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तळ्यापलीकडच्या धान्याच्या कोठीवरची अक्षरं त्याला खिडकीतून वाचता यायला लागली. फक्त हातातलं काही दिसेना. जवळचा चष्मा महिन्याने मिळणार होता.

"महिनाभर खेळ बंद ठेवू," व्हर्लिन म्हणाला.

"का म्हणून?" आर्डिस म्हणाली. "तोंडाला काय झालंय तुझ्या? गोष्ट तोंडाने सांगतोस ना?"

"फासा दिसत नाही."

"लॉइड वाचेल. लॉइड, तुला दिसतं ना?"

"मला सगळं दिसतं," लॉइड म्हणाला आणि खुर्ची उचलून आडोशामागे येऊन बसला. एकतीस वर्षांत त्या बाजूला पहिल्यांदाच दुसरा माणूस आला होता. व्हर्लिनने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"पाय आहे तो माझा," लॉइड म्हणाला.

तीन शनिवार व्हर्लिनने होर्स्टला जपलं. राक्षस आलेच नाहीत. वाटेत साधू भेटले. एक अख्खी दुपार मेंढ्यांच्या बाजारात गेली. आर्डिसने मेंढी घेतली, तिला नाव दिलं आणि चौथ्या शनिवारी म्हणाली, "व्हर्लिन, तुझे डोळे काढले की डोकं? त्या जुन्या गिरणीखाली काहीतरी घुरघुरतंय असं तू फेब्रुवारीत सांगितलं होतंस. कुठे आहे ते?"

"ते... हललं असेल तिथून."

"गिरणीखाली भोक आहे की नाही?"

वजनमापं निरीक्षकाला भोक नाही असं म्हणवेना. "आहे," तो म्हणाला.

"मग होर्स्ट उडी मारतो."

खाली एक पिशाच होतं. फेब्रुवारीपासून उपाशी. व्हर्लिनने फासा टाकला. त्याला निळा धूसर गोळा दिसला, गडगडताना आणि थांबताना. त्याने श्वास घेतला आणि "सहा" म्हणायला तोंड उघडलं.

"वीस!" लॉइड गरजला. वर स्वयंपाकघरात कुत्रा भुंकला.

घाव मोजायचे दोन फासे पडले. "आठ! आणि सात!" होर्स्टचा दम अकरा होता. मार्लिसच्या सुया थांबल्या.

"बरोबर बघितलंस?" व्हर्लिनने विचारलं.

"शंभर टक्के," लॉइड म्हणाला. "हवं तर तूच बघ. अरे हो."

आर्डिस चिकटपट्टीकडे बघत होती. मग तिने भिंतीवरच्या नियमाकडे बघितलं, सहीकडे, तारखेकडे. लॉइडने सवयीने डोळे मिटले. दोन मिनिटांनी उघडून म्हणाला, "खडा देऊ का एक? माझ्याकडे चांगला गुळगुळीत आहे."

"राहू दे तुझा खडा." तिने कागदाची घडी घातली, कोट चढवला. जिन्यावर अर्ध्यात थांबली. "व्हर्लिन, हा फासा कोणता?"

"निळा. नेहमीचा."

"एकतीस वर्षं नेहमीचाच?"

"हो."

"बरं," आर्डिस म्हणाली आणि गेली.

सोमवारी सकाळी टपालपेटीत तक्रार अर्ज आला. आर्डिसने तो परगण्याच्या कचेरीतून आणला होता, पेट्रोलपंपाने कमी पेट्रोल दिलं तर नागरिकाने भरायचा तो. उपकरण: फासा, वीस बाजूंचा, निळा. ठिकाण: टेश यांचं तळघर. तक्रारीचं स्वरूप: सदर उपकरणाने एकतीस वर्षांत होर्स्टच्या मानेवर एकदाही वीस दाखवला नाही. गेल्या शनिवारी तीन चाळीसला दाखवला. त्याअर्थी उपकरण बिघडलं आहे. तपासून पट्टी लावावी.

व्हर्लिनने फोन केला. "आर्डिस, मी निवृत्त झालोय."

"पगारातून झालास. पट्ट्यांचा डबा तळघरात आहे अजून, मी बघितलाय."

"आणि लाल निघाली तर?"

"बिघडलेल्या काट्यावरचं वजन धरत नाहीत, तूच सांगायचास. म्हणजे होर्स्ट मेलेला नाही."

"हिरवी निघाली तर?"

"मग मेला. पुरेन त्याला, आणि मी शनिवारची यायची नाही. लॉइडसारखी खडे रंगवत बसणारी बाई नाही मी. बहात्तराव्या वर्षी नवा कुठे वाढवू? त्याच्यापुरतंच होतं माझं नशीब, ते संपलं असं समजेन."

व्हर्लिनने फोन ठेवला आणि टेबलाशी बसला. मार्लिस कांदा चिरत होती.

"लाल लाव," ती म्हणाली. "नुकसान कुणाचं? एका पिशाचाचं."

"फासा बरोबर असला तर?"

"अहो, त्रेचाळीस वेळा बोललात ना खोटं?"

"बोललो," व्हर्लिन म्हणाला. "शिक्का मारून नाही बोललो."

मार्लिसने कांद्याकडे बघत मान हलवली. या माणसाशी बेचाळीस वर्षं संसार केल्यावर त्यातला फरक तिला कळत होता, आणि त्याचाच तिला वैताग होता.

बुधवारी त्याने रीतसर तपासणी केली. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळवून फासा तरंगवला, टिचक्या मारून फिरवला. जड बाजू असती तर पुन्हा पुन्हा तीच खाली गेली असती. गेली नाही. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजलं. आकडे मार्लिसने वाचले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. मग लॉइडला बोलावलं आणि फासा एक हजार वेळा टाकला. लॉइडने हजार आकडे पुकारले आणि मार्लिसने रेघा मारल्या. सहाशेनंतर शेजारच्या घरातून विचारणा झाली की टेशांकडे बिंगो आहे का. वीस एकोणपन्नास वेळा आला. फासा सरळ असेल तर पन्नास यायला हवा.

"म्हणजे बिघडलेला नाही," लॉइड म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "मग एवढी वर्षं होर्स्टला का नाही लागला?"

व्हर्लिन फासा कापडाने पुसत राहिला.

"नशीब," लॉइडने स्वतःच उत्तर दिलं आणि गरम पाणी मागितलं. ऑर्गनवाल्यांच्या दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना काम असतं. बाकीच्या गोष्टी त्यांच्या हळूहळू लक्षात येतात.

गुरुवार आणि शुक्रवार व्हर्लिनने काय केलं ते सगळ्या गल्लीने बघितलं: बर्फ नसलेल्या अंगणातलं बर्फ फावड्याने काढलं. शुक्रवारी सोडतीला आर्डिस आली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. चाक फिरवताना व्हर्लिनने दोनदा दाराकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा लॉइडला लागलं.

शनिवारी एकला आर्डिस आली. हातात गरम हॅमचं मोठं पातेलं आणि लोणी लावलेल्या कडक पावांची पिशवी. कुणी गेलं की न्यू होल्बर्गमध्ये हेच करतात, आणि दर रविवारीही हेच खातात, त्यामुळे दुःख किती आहे ते नुसत्या पातेल्यावरून कळत नाही.

"मेला असेल तर मयताचं," ती म्हणाली, "जिवंत असेल तर जेवण. बोल."

व्हर्लिनच्या सदऱ्याच्या खिशात दोन्ही पट्ट्या होत्या. फासा टेबलाच्या मधोमध पांढऱ्या कापडावर ठेवला होता. त्याने अहवाल वाचला. म्हणजे वाचल्यासारखं केलं. कागद त्याला धूसरच होता, पण पाठ होता. मीठपाणी, अंतरं, हजार, एकोणपन्नास. मग चाचपडत हिरवी पट्टी काढली आणि त्या इवल्याशा फाशाभोवती गुंडाळली. पट्टी मोठी, फासा लहान. भेट दिल्यासारखा दिसायला लागला.

"उपकरण बरोबर आहे," तो म्हणाला.

आर्डिसने एकदाच मान हलवली. पर्सची चेन लावली. "ठीक. पातेलं सोमवारी नेते." ती उठली.

"थांब. तपासणी संपली नाही."

व्हर्लिनने लाल पट्टी काढली. त्याच्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला एक भोक होतं, फार पूर्वी लॉइडच्या पेन्सिलीने पडलेलं. त्याला काही ते सापडेना. पट्टी तिथे ओवायला त्याला इतका वेळ लागला की शेवटी मार्लिस उठली, तिने त्याचं बोट धरून भोकावर ठेवलं आणि परत सोफ्यावर जाऊन बसली. गाठ मारून झाल्यावर त्याने काळी वही आर्डिसपुढे सरकवली.

आर्डिस उभ्यानेच वाचायला लागली. पहिलं पान, दुसरं. मग बसली. तिसरं.

"हा कोळी," ती म्हणाली.

"हो."

"वीस होता."

"हो."

"आणि तू सात म्हणालास."

"म्हणालो."

"हा दलदलीतला? हा जुळा राक्षस? अरे, याच्या नंतर तर मी केक आणला होता सगळ्यांना!"

"चांगला होता केक," लॉइड म्हणाला.

आर्डिसने वही खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. बसमध्ये मागच्या बाकावर दोन पोरं मारामारी करत असली की ती आरशात बघून याच आवाजात बोलायची. "व्हर्लिन. मी रुळाशी थांबते. दार उघडते. ऐकते. चौतीस वर्षं. आणि समोरून एखादा भला माणूस हात करतो, 'या, या, काही येत नाहीये.' अशा माणसाला मी काय म्हणते माहितीय?"

"माहितीय," व्हर्लिन म्हणाला.

"मार्लिस बसलीय म्हणून म्हणत नाही. एकतीस वर्षं मी उड्या मारल्या ते मला वाटायचं नशीब आहे म्हणून. आणि तू तिथे बसून हात करत होतास."

"होय."

"का?"

व्हर्लिनला ती धूसर दिसत होती, ते एका परीने बरं होतं. "शुक्रवारी फिरत्या चाकाला मला हात लावता येत नाही," तो म्हणाला.

आणि मग, नेहमीसारखं बाकी सगळ्यांच्या जरा नंतर, लॉइडला कळलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "माझी नऊ मेली!"

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"नऊच्या नऊ खरी?"

"खरी."

"ऑल्विना तर दरवाजा उघडताना मेली! नुसता दरवाजा! माझ्यासाठी एकदा सात म्हणायला काय जात होतं तुझं?"

"लॉइड, तुला दोन फ्रीजर आहेत," व्हर्लिन म्हणाला.

सोफ्यावर मार्लिसला खोकला आला. आर्डिसने तोंड दुसरीकडे वळवलं. मग पुन्हा वही उचलली आणि शेवटापासून उलटं पाहायला लागली, बोट फिरवत, काहीतरी शोधत.

"पुलावरचा अजगर कुठाय?"

"कुठला?"

"तो रे, ज्याच्या तोंडात होर्स्ट कुऱ्हाडीसकट गेला आणि कानातून बाहेर आला. लॉइड तेव्हा रडला होता."

"घशात चीज अडकलं होतं," लॉइड म्हणाला.

"तो वहीत नाही," व्हर्लिन म्हणाला.

"नाही कसा? बघ नीट. हं, तुला काय दिसणार. मार्लिस, तू बघ."

"नाहीये गं," मार्लिस म्हणाली. "मला पाठ आहे ती वही."

"नाही, कारण तो चार होता," व्हर्लिन म्हणाला. "चारच आला. मी चारच सांगितला. मलाही खरं वाटलं नव्हतं."

आर्डिसने बोटांवर काहीतरी मोजलं. कोठाराची आग. बर्फाखालची नदी. मेंढपाळाच्या बायकोचा बाण. एकेक नाव घ्यायची आणि मार्लिस सोफ्यावरून सांगायची, "आहे." "नाही." "नाही." "आहे गं, तो आहे." "नाही." असं चाललं. हॅमवर चरबीची साय धरायला लागली. शेवटी आर्डिसने चिकटपट्टी लावलेला कागद पर्समधून काढला, उलगडला, आणि लॉइडकडे हात पसरला.

"दे तुझा तो खडा."

लॉइडने खिशातून काढला. आठवडाभर तो खिशात घेऊनच फिरत होता.

"तारीख कोणती लिहू?" त्याने ब्रश ओला करत विचारलं. "गेल्या शनिवारची?"

"कोळ्याची लिही," आर्डिस म्हणाली. "नियम आहे ना भिंतीवर? कोळ्यानेच मेला तो. एकतीस वर्षं मेलेल्या माणसाला गाडीत घालून फिरवलं मी. सगळ्या थांब्यांवर थांबून." तिने व्हर्लिनकडे बघितलं. "मजा आली, ते निराळं. पण पुन्हा असं करायचं नाही."

"नाही करणार."

"तुझ्या शब्दावर नको. तो पुठ्ठा काढ."

व्हर्लिनने आडोसा घडी करून टेबलावरून काढला, लाल पट्टीसकट. त्याच्या पुढ्यात काय काय होतं ते तेव्हा सगळ्यांना दिसलं: एक नकाशा, दोन पेन्सिली, आणि गिरणीच्या पानावर मोठ्या अक्षरांत, धूसर दिसतानाही चाचपून लिहिलेलं, "होर्स्टने इकडे येऊ नये."

आर्डिसने ते वाचलं आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"कोरा कागद दे," ती म्हणाली.

नव्या माणसाचे आकडे तिने टेबलाच्या मधोमध टाकले, सगळ्यांसमोर, हिरवी पट्टी सोडवून. लॉइडने पुकारले. इतके वाईट आकडे त्या तळघरात कुणी बघितले नव्हते. दम तीन. ताकद इतकीच की तलवार उचलली तर खाली ठेवायला मदत लागावी. टेबलावर बिटाच्या लोणच्याची बरणी होती, म्हणून नाव जेराल्डाइन.

"हिला जरा सांभाळून ने," लॉइडने अनुभवाने सल्ला दिला.

"समोर काय आहे?" आर्डिसने विचारलं.

"गिरणी," व्हर्लिन म्हणाला. "खाली भोक आहे. आत..." त्याने ओठ चावला. "आत पिशाच आहे. नुकतंच जेवलेलं."

आर्डिसने पाव उघडला, हॅम घातला, एक घास खाल्ला. ती ऐकत असल्यासारखी थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "जेराल्डाइन उडी मारते."

व्हर्लिनने फासा टाकला. तो कापडावरून गडगडत गेला, पातेल्याला लागला आणि आर्डिसच्याच पुढ्यात थांबला. लॉइडने तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. हा तिने स्वतः वाचला.

"एकोणीस," ती म्हणाली. "गेली."

जन्माला आल्यापासून अकरा मिनिटं. लॉइडनेसुद्धा एवढ्या लवकर कुणाला घालवलं नव्हतं. व्हर्लिन तिच्या चेहऱ्याच्या दिशेने बघत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्याने कान दिला. आधी टेबल हादरलं. मग पातेल्याचं झाकण वाजलं. आर्डिस कुबियाक दोन्ही हातांनी टेबल बडवत हसत होती, तोंडातला पाव सांभाळत.

"ही माझी!" ती म्हणाली. "हिला कुणी हात लावलेला नाही! लॉइड, खडा!"

"एकच आणला होता," लॉइड म्हणाला.

"मग अंगणातून आण. दोन आण. कागद दे रे व्हर्लिन, आणि ती काकडीची बरणी इकडे कर, नाव काय आहे तिच्यावर?"

पुढच्या शुक्रवारी ती बारमध्ये आली, चिठ्ठ्या घेतल्या आणि गर्दीतून वाट काढत थेट चाकापर्यंत गेली. चाकाच्या मागे वाकून बघितलं. हाताने चाचपलं.

"मागे पुठ्ठाबिठ्ठा काही नाही ना रे?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मग फिरव."

त्याने फिरवलं. डुकराचे चॉप्स लॉइडला लागले.